नावेचा वेग आणि थडीची झाडे

किनारा नजरेआड झाला की जहाजाला आपला वेग कळण्याचा सरळ मार्ग उरत नाही. शिडात वारा भरलेला असतो, नाळेवर पाणी फुटत असते, मागे फेसाचा पट्टा लांबत जातो. पण त्यावरून होतो तो अंदाज, आणि दोन अनुभवी खलाशांचे अंदाज सहसा जुळत नाहीत. हा अंदाज आकड्यात आणण्यासाठी युरोपीय जहाजांनी सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत जे साधन वापरले त्याला लॉग म्हणत. लाकडाचा तुकडा, गाठी मारलेली दोरी आणि वाळूची घडी एवढाच त्याचा संच. तो चालतो एका गृहीतकावर: पाण्यात टाकलेला तुकडा जागच्या जागी राहतो, पुढे जाते ते जहाज. चालते काय आणि थांबलेले काय, हे कशावरून ठरवायचे, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी फार पूर्वी हाताळला आणि त्यांनीही तो नावेच्याच दृष्टान्ताने मांडला. मराठी वाचकाला तो दृष्टान्त ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायातून माहीत असतो. जुन्या दर्यावर्दी साधनांशेजारी ठेवून पाहिला म्हणजे त्याचा अर्थ अधिक नेमका होतो, आणि साधनांची मर्यादाही दिसते.

लॉगची फळी पाव वर्तुळाच्या आकाराची, वीतभराहून थोडी लहान. तिच्या गोल कडेत शिसे बसवलेले असे. त्या वजनाने ती निमुळते टोक वर करून पाण्यात उभी राही आणि दोरीच्या ओढीला अडून धरी. तिन्ही कोपऱ्यांतून निघालेल्या दोऱ्या पुढे एका मुख्य दोरीला मिळत. त्यांतली एक नुसत्या लाकडी खुंटीने दाबून बसवलेली असे. मुख्य दोरी रिळावर गुंडाळलेली. तिचा सुरुवातीचा काही वाव भाग मोकळा सोडत, कारण जहाजाने घुसळलेल्या पाण्यातून बाहेर पडल्याखेरीज फळीवर विश्वास ठेवता येत नाही. हा मोकळा भाग संपल्याची खूण म्हणून कापडाची चिंधी बांधत. तिथून पुढे दर ४७ फूट ३ इंचांवर, म्हणजे सुमारे १४.४ मीटरवर, दोरीच्या पिळात बारीक सुतळी ओवून तिला गाठी मारत: पहिल्या खुणेला एक, दुसऱ्या खुणेला दोन, अशा.

मोजणीला तिघे लागत. एक जण रीळ डोक्याच्या वर धरून उभा राही, म्हणजे दोरी कुठे अडकू नये. दुसऱ्याच्या हातात २८ सेकंदांची वाळूची घडी. तिसरा, बहुधा अधिकारी, जहाजाच्या मागल्या टोकावरून फळी पाण्यात टाकी आणि दोरी हातातून सरकू देई. चिंधी बोटांना लागली की तो ओरडे, त्याच क्षणी घडी उलटी होई. वाळू संपताच घडीवाला ओरडे आणि दोरी चिमटीत पकडली जाई. त्या हिसक्याने खुंटी निसटे, फळी पाण्यावर आडवी होई आणि सहज ओढून घेता येई. चिमटीत सापडलेल्या जागेपर्यंत जितक्या गाठींच्या खुणा गेल्या, तितके सागरी मैल ताशी जहाजाचा वेग. २८ सेकंदांचे एका तासाशी जे प्रमाण, तेच दोन खुणांमधल्या अंतराचे सागरी मैलाशी. म्हणून गुणाकार-भागाकार करावा लागत नसे. आजही जहाजाचा वेग नॉटमध्ये, म्हणजे गाठींत, सांगतात तो याच दोरीमुळे. जोराचा वारा असेल तेव्हा १४ सेकंदांची घडी वापरून आलेला आकडा दुप्पट करीत.

हे साधन छापील पुस्तकात प्रथम येते ते विल्यम बोर्न या इंग्रज लेखकाच्या १५७४ च्या नौकानयनविषयक ग्रंथात. त्याआधी खलाशी नाळेजवळ लाकडाचा ढलपा टाकून तो मागच्या टोकापर्यंत यायला किती वेळ लागतो हे पाहत. डच खलाशांनी ही जुनी रीत पुढेही बराच काळ टिकवली. अंतर आपोआप मोजण्याची कल्पना तर याहून पुष्कळ जुनी आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील रोमन स्थापत्यकार विट्रूव्हियस याने आपल्या ग्रंथाच्या दहाव्या भागात जहाजाच्या कडेला वल्ह्यांची चाके बसवून, ठरावीक फेऱ्यांनंतर एकेक खडा भांड्यात पडेल अशी योजना वर्णिली आहे. खडे मोजले की मैल कळले. ती प्रत्यक्षात कधी चालली की नाही हा भाग वेगळा. १८०२ मध्ये एडवर्ड मॅसी याने पाण्यात ओढत नेण्याच्या फिरत्या पात्यांच्या लॉगचे पेटंट घेतले. पाती फिरत आणि तबकडीवर मैल चढत. त्याच्या घराण्यातल्या टॉमस वॉकरने १८६१ मध्ये या यंत्राला सुटसुटीत रूप दिले आणि गाठींच्या दोरीचे दिवस संपत आले.

दोरी भिजली की आखडते, वापरून सैल होते. दमट हवेत वाळू चिकटते, उलट सतत वाहून काचेची मान झिजली तर ती लवकर संपते. हे दोष ठाऊक होते आणि दोरी मोजून, घडी ताडून ते काढले जात. मोठा घोळ होता तो मैलाच्याच लांबीचा. पृथ्वीचा एक अंश म्हणजे किती लांबी, याचा आकडा चुकीचा धरल्यामुळे जुन्या दोरीवरील खुणा फार जवळजवळ होत्या. रिचर्ड नॉरवूडने लंडन ते यॉर्क अंतर साखळीने आणि पावलांनी मोजून, दोन्ही ठिकाणी सूर्याची उंची घेऊन, १६३७ मध्ये अंशाची खरी लांबी जवळजवळ अचूक छापली आणि खुणा लांब करायला सांगितले. खलाशांनी ते लगेच ऐकले नाही. आखूड दोरीमुळे हिशेबातले जहाज खऱ्या जहाजाच्या पुढे धावते, किनारा अपेक्षेपेक्षा उशिरा येतो आणि खडकावर नकळत आदळण्याची भीती कमी होते, असा त्यांचा विचार होता. चूक माहीत असून ती सुरक्षित बाजूला ठेवणे हा व्यवहाराचा शहाणपणा होता. पण त्याने सत्य कळत नाही, जीव वाचतो, आणि या दोन गोष्टींतला फरक विसरता कामा नये.

एक दोष मात्र दोरी कितीही नीट मोजली तरी जात नाही. समुद्राचे पाणीच वाहत असते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यालगतचा प्रवाह नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात दक्षिणेकडे जातो आणि हिवाळ्यात उलटून उत्तरेकडे वळतो. अशा पाण्यात टाकलेली फळी पाण्याबरोबर जाते आणि जहाजही त्याच पाण्याबरोबर जाते. ताशी एक सागरी मैलाचा प्रवाह दिवसभरात जहाजाला २४ सागरी मैल बाजूला नेतो आणि लॉगला त्याची खबरही लागत नाही. पैठणला धरण होण्यापूर्वी भर पावसाळ्यात गोदावरीच्या मध्यावर वल्ही न मारता सोडलेली नाव डोळ्यांसमोर आणावी. तिच्यातून पाण्यात टाकलेले पान नावेच्या कडेलाच राहील. लॉगच्या हिशेबाने वेग शून्य; काठावर उभ्या असलेल्या माणसाच्या हिशेबाने नाव खाली वाहून चालली आहे. म्हणजे लॉग सांगतो तो फक्त पाण्याच्या तुलनेतला वेग. फळी स्थिर आहे हे त्याने सिद्ध केलेले नसते, मानलेले असते.

गीतेच्या चौथ्या अध्यायातील अठराव्या श्लोकावर भाष्य करताना शंकराचार्यांना नेमक्या अशाच दोन भ्रमांची गरज पडली. तो श्लोक कर्मात अकर्म आणि अकर्मात कर्म पाहणाऱ्याला बुद्धिमान म्हणतो. हे वरवर परस्परविरोधी वाटते, म्हणून आचार्य दोन दृष्टान्त देतात. नाव चालू असताना नावेत बसलेल्याला काठावरची न चालणारी झाडे उलट दिशेने जाताना दिसतात. आणि फार दूर असलेल्या, प्रत्यक्षात चालत असलेल्या वस्तू थांबल्यासारख्या दिसतात. पहिल्यात अचलावर गती लादली जाते, दुसऱ्यात गतिमानावर अचलता. आत्मा काही करीत नसता ‘मी करतो’ असे वाटणे हा पहिला प्रकार. देह आणि इंद्रिये यांचा व्यापार थांबवून ‘मी आता काही करीत नाही, स्वस्थ बसलो आहे’ असे मानणे हा दुसरा. कारण त्या स्वस्थ बसण्यातही कर्तेपणाचा अभिमान चालूच असतो. भाष्यकारांचा हा दुसरा दृष्टान्त फारसा सांगितला जात नाही. क्षितिजावरचे गलबत तासभर पाहिले तरी तिथेच असल्यासारखे वाटते, हा किनाऱ्यावरच्या कोणाचाही अनुभव. लॉगशी ताडून पाहता या दोन भ्रमांचे स्वभाव वेगळे आहेत असे दिसते. पहिला भ्रम लॉग मोडतो: झाडे नाहीत, मागे धावणारा फेस नाही, चालले आहे ते जहाज, आणि इतक्या गाठींनी. दुसऱ्याला लॉग हात लावू शकत नाही, उलट त्याला बळी पडतो. वाहत्या पाण्याला तो स्थिर समजतो.

आकाशाच्या बाबतीत हाच प्रश्न भारतात मोठ्या वादाचा झाला. न्यायसूत्रांवरील आपल्या भाष्यात वात्स्यायन अनुमानाचा एक प्रकार समजावताना सूर्याचे उदाहरण घेतात. कोणतीही वस्तू एका जागी दिसून मग दुसऱ्या जागी दिसली, तर ती मधल्या काळात चालली असली पाहिजे. सूर्य सकाळी एका ठिकाणी व संध्याकाळी दुसऱ्या ठिकाणी दिसतो. म्हणून त्याचे चालणे डोळ्यांना दिसत नसले तरी तो चालतो. मीमांसकांकडे शबरस्वामींनीही देवदत्ताच्या चालण्यावरून सूर्याच्या गतीचे असेच अनुमान मांडले आहे. तर्काची मांडणी निर्दोष दिसते. तिच्यात न सांगितलेले गृहीत एवढेच की पाहणारा स्वतः जागेवर आहे.

त्या गृहीतावर इ.स. ४९९ मध्ये आर्यभटाने बोट ठेवले. आर्यभटीयाच्या गोलपादात तो म्हणतो की पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला जशा अचल वस्तू मागे जाताना दिसतात, तसे लंकेवरून, म्हणजे विषुववृत्तावरून, अचल तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. त्याने केवळ दृष्टान्त दिला नाही, वेगही दिला: पृथ्वी एका प्राणात एक कला फिरते. प्राण म्हणजे श्वासाला लागणारा काळ. अहोरात्राचे २१,६०० प्राण धरतात, त्यामुळे एक प्राण चार सेकंदांचा. वर्तुळाच्याही २१,६०० कला. हिशेब चोख जुळतो. युगातील पृथ्वीच्या फेऱ्यांची संख्याही त्याने दिली आहे: १,५८,२२,३७,५००. लॉगच्या घडीचे २८ सेकंद म्हणजे बरोबर सात प्राण. हा निव्वळ योगायोग आहे, पण वेग मोजायचा तर काळाचा एक ठरलेला तुकडा हातात हवा, ही गरज दोन्हीकडे एकच. वैशेषिकांनी तर ‘उशिरा’ आणि ‘लवकर’ या प्रतीती काळ नावाच्या द्रव्याच्या खुणाच मानल्या. वेगाला त्यांनी गुणांमध्ये, संस्काराचा एक प्रकार म्हणून, जागा दिली.

आर्यभटाचे म्हणणे टिकले नाही. वराहमिहिराने विचारले की पृथ्वी फिरत असेल तर आकाशात उडालेले पक्षी आपल्या घरट्यात परत कसे येतात. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये, तसे असते तर उंच वस्तू कोसळल्या असत्या, असा आक्षेप घेतला. पुढच्या टीकाकारांनी आर्यभटाची इभ्रत राखण्यासाठी नावेचा श्लोक भ्रमाचे वर्णन आहे, सिद्धान्त नव्हे, असा अर्थ लावला. कलेच्या वचनात पृथ्वीच्या जागी नक्षत्रचक्र घालणारा पाठही रूढ झाला. गोलपादात लगेच पुढच्या श्लोकात प्रवह वायूने तारे फिरतात असेही येते, त्यामुळे त्यांना आधार मिळाला हे मान्य केले पाहिजे. पक्ष्यांच्या आक्षेपाला समाधानकारक उत्तर मिळायला गॅलिलिओच्या १६३२ च्या संवादाची वाट पाहावी लागली, आणि तेही पुन्हा जहाजाच्याच उदाहरणाने मिळाले: संथपणे चाललेल्या जहाजाच्या तळाच्या बंद खोलीत माश्या आणि फुलपाखरे चहूकडे सारखीच उडतात, थेंब सरळ खालच्या भांड्यात पडतात, जहाज चालले आहे की नांगरले आहे हे त्यावरून सांगता येत नाही. वराहमिहिराचे पक्षी म्हणजे गॅलिलिओच्या खोलीतली फुलपाखरे. हवा, पक्षी आणि घरटे सारेच पृथ्वीबरोबर चाललेले असतात, जसे जहाज आणि लॉगची फळी प्रवाहाबरोबर.

दक्षिणेतील आणखी एका दार्शनिकाचे नाव इथे घ्यायला हवे. नागार्जुनाला परंपरा सातवाहन राजाचा मित्र मानते, आणि सातवाहनांची राजधानी पैठण. पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचपासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर म्हणून जिचा उल्लेख येतो ती. मध्यमकशास्त्राच्या दुसऱ्या प्रकरणात नागार्जुन गतीचीच तपासणी करतो. चालून झालेल्या वाटेवर आता चालणे नाही; न चाललेल्या वाटेवर अजून चालणे नाही; आणि या दोहोंना सोडून ‘चालली जात असलेली’ वाट वेगळी दाखवता येत नाही. शब्दांचा खेळ म्हणून हे बाजूला सारणे सोपे आहे, पण लॉगकडे पाहिले की त्यातले बळ कळते. लॉगने वेग कधीही एका क्षणात पकडलेला नसतो. त्याला दोन टोके लागतात, चिंधी आणि चिमटीतली खूण, वाळू उलटणे आणि वाळू संपणे. वेग हा त्या दोहोंमधला संबंध आहे, दोरीच्या कोणत्याही एका बिंदूवर तो बसलेला नाही. नागार्जुनाने यावरून गतीला स्वभाव नाही असा निष्कर्ष काढला. वैशेषिक गती खरी मानतात, पण तेही तिची ओळख संयोग-विभागावरूनच, म्हणजे वस्तू एका जागेपासून सुटून दुसरीला लागण्यावरूनच देतात. संबंधाखेरीज गती हाती लागत नाही, इथपर्यंत दोघांना बरोबर यावेच लागते.

ज्ञानेश्वरांनी नेवाशाला शके १२१२, म्हणजे इ.स. १२९० मध्ये गीतेचा तो श्लोक मराठीत उलगडला, तेव्हा भाष्यकारांचा नावेचा दृष्टान्त त्यांच्यासमोर होता. पाण्याशी उभा राहिलेला माणूस पाण्यात आपले प्रतिबिंब पाहतो, पण आपण त्याहून वेगळे आहोत हे त्याला पक्के ठाऊक असते, असे ते आधी सांगतात. मग नाव येते: तीत बसलेला थडीची झाडे वेगाने जाताना पाहतो आणि नीट विचार केल्यावर ती अचल आहेत असे म्हणतो. आणि तिसरा दृष्टान्त सूर्याचा, जो उदय-अस्तामुळे चालल्यासारखा वाटतो पण चालत नाही. भाष्यातला दूरच्या वस्तूंचा दृष्टान्त या ओव्यांत नाही. त्याच्या जागी सूर्य आला आहे. हा बदल लहान नाही. वात्स्यायनांनी ज्या सूर्याच्या गतीचे अनुमान शिकवले, तोच सूर्य ज्ञानेश्वरांनी अचलतेचा दाखला म्हणून नावेच्या पाठोपाठ ठेवला. हे आर्यभटाचे मत त्यांनी उचलले असे म्हणायला पुरावा नाही, आणि त्यावरून ज्ञानेश्वरीत आधुनिक खगोलशास्त्र शोधणे हा त्या ग्रंथावर अन्याय आहे. त्यांना पृथ्वीचे भ्रमण सिद्ध करायचे नव्हते. कर्मात वावरणाऱ्या पुरुषाचे नैष्कर्म्य कसे ओळखावे हा त्यांचा विषय होता, आणि त्यासाठी चालण्याचा भास व न चालण्याचे सत्य एकाच वस्तूत दाखवणारा दाखला त्यांना हवा होता. पुढे ते म्हणतात की असा पुरुष एकाच जागी बसलेला असूनही सर्वत्र जाऊन आलेला असतो.

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात, सरस्वती भुवन संस्थेच्या परिसराजवळ, ज्ञानेश्वरीची प्रत पुढे शुद्ध करणाऱ्या संत एकनाथांचे नाथ मंदिर आहे. समुद्र इथून अडीचशे किलोमीटरांहून अधिक दूर, आणि तरी नावेचा हा दृष्टान्त या परिसराच्या अगदी जवळचा. नेवासे आणि पैठण दोन्ही गावे या शहरापासून साठेक किलोमीटरांच्या आत-बाहेर. ज्ञानेश्वरीचा जो पाठ आज वाचला जातो त्याच्या मागे पैठणच्या एकनाथांचे श्रम आहेत. तीनशे वर्षांत नकलाकारांच्या हातून शिरलेले अपपाठ त्यांनी निरनिराळ्या पोथ्या ताडून काढले आणि शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये प्रत शुद्ध केली. बोर्नच्या पुस्तकात लॉग छापला गेल्याला तेव्हा दहा वर्षे झाली होती. दोन्ही कामांत एक वृत्ती सारखी आहे: चूक साठत जाते हे ओळखून मूळ खुणेशी पुन्हापुन्हा ताळा घेणे.

साठत जाणाऱ्या चुकीची गोष्ट एकनाथांच्या चरित्रातही परंपरेने जपली आहे. देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींकडे ते हिशेब पाहत. एकदा एका पैचा मेळ बसेना. रात्रभर बसून ती चूक सापडली तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी टाळी वाजवली. स्वामी जागे झाले आणि म्हणाले की एका पैची चूक सापडल्याचा एवढा आनंद, तर संसार ही केवढी चूक आहे, ती सापडली तर किती होईल. जहाजाचा ठावठिकाणा काढण्याची जुनी रीत म्हणजे असाच हिशेब. चार तासांच्या पाळीत दर अर्ध्या तासाला, होकायंत्राच्या बत्तीस दिशा कोरलेल्या फळीवर खुंटी खोवायची, त्याच फळीवर वेगाची खुंटी, पाळी संपली की सगळे वहीत उतरवायचे. कालच्या ठिकाणात आजची दिशा आणि अंतर मिळवले की आजचे ठिकाण. पण खतावणीचा ताळा खतावणीतच घेता येतो, जमा आणि नावे सारखे आले की झाले. जहाजाच्या वहीला तसा आतला ताळा नाही. तिची बेरीज बिनचूक असूनही जहाज भलतीकडे असू शकते, कारण चूक बेरजेत नसते, पाण्यात असते. २२ ऑक्टोबर १७०७ च्या रात्री, औरंगजेबाचा मृत्यू झाला त्याच वर्षी, ब्रिटिश ॲडमिरल क्लाउड्स्ली शॉव्हेल याच्या आरमाराची चार जहाजे सिली बेटांच्या खडकांवर फुटली आणि हजाराहून अधिक माणसे बुडाली. आपण कुठे आहोत याचा आरमाराचा हिशेब चुकला होता.

म्हणून सावध खलाशी लॉगवर थांबत नसत. शिशाचा गोळा दोरीने सोडून तळाची खोली पाहत. दुपारी सूर्याची उंची आणि रात्री ध्रुवाची उंची घेत. अरबी समुद्रात कमाल नावाची लाकडी पट्टी चाले: तिच्या मध्यातून निघालेल्या दोरीची गाठ दातात धरून पट्टीची खालची कड क्षितिजाला आणि वरची ध्रुवाला लावायची, कोणती गाठ लागली त्यावरून आपण बंदराच्या उत्तरेला की दक्षिणेला हे कळे. इथेही गाठींचीच दोरी, पण ताळा पाण्याशी नाही, ताऱ्याशी. अंतर मात्र हे खलाशी झाममध्ये, म्हणजे तीन तासांच्या वाटचालीत, सांगत. वेळ हेच त्यांचे माप होते, जसे पेरिप्लसमधले पैठणपर्यंतचे वीस दिवस.

प्रत्येक वेळी जहाजाबाहेरचे काहीतरी स्थिर मानावे लागते: फळी, ती वाहते म्हणून काठ, काठ पृथ्वीबरोबर फिरतो म्हणून तारे. आज तारेही स्थिर नाहीत हे माहीत आहे. भारतीय तर्कशास्त्रात याला अनवस्था म्हणतात, आणि अनवस्था हा तर्काचा दोष मानला जातो. खलाशाच्या दृष्टीने तो दोष नाही. बंदरापुरता स्थिर असलेला काठ त्याला पुरतो. अध्यात्माच्या बाबतीत मात्र एक गफलत सर्रास होते. नावेच्या दृष्टान्ताचा आधार घेऊन असे सांगितले जाते की जग वाहते, आत्मा काठावरच्या झाडासारखा स्थिर आहे, आणि आतल्या शांततेवरून ते कळते. हे भाष्याला धरून नाही. झाडाची स्थिरता तुलनेतली आहे. आत्म्याची अक्रियता तशी मानलेली नाही. आत्मा तुलनेला पाण्यात टाकता येणारी फळी नव्हे. गती आणि स्थिती ही दोन्ही ज्याला कळतात तो, एवढेच शांकर अद्वैत म्हणते. आतली शांतता ही तर कळणारी गोष्ट आहे, कळणारा नव्हे. तिला आत्मा मानणे म्हणजे फळी आपल्याबरोबर वाहत आहे म्हणून आपण थांबलो आहोत असे मानणे. शंकराचार्यांचा दुसरा दृष्टान्त याच चुकीविरुद्ध आहे. बौद्ध विचारवंत असा कळणाराही वेगळा मानत नाहीत, आणि त्या वादाचा निकाल नावेच्या दृष्टान्ताने लागत नाही. त्यासाठी इतर युक्तिवाद लागतात. दृष्टान्त भ्रमाची शक्यता दाखवतो, सत्याचा पुरावा देत नाही.

जहाजांवर लॉग अजूनही आहे, विद्युतचुंबकीय किंवा ध्वनिलहरींच्या रूपात. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे ३०० टनांच्या वरच्या जहाजावर पाण्याच्या तुलनेतला वेग आणि अंतर मोजणारे साधन लागते, आणि ५०,००० टनांच्या वरच्या जहाजावर जमिनीच्या तुलनेतला वेग मोजणारे साधनही. दोन्ही आकडे शेजारी दिसतात आणि त्यांच्यातला फरक म्हणजे पाण्याची ओढ. चौथ्या अध्यायातल्या नावेच्या ओव्या वाचणाऱ्याने अठराव्या श्लोकावरील शांकरभाष्यही तसेच शेजारी उघडावे आणि दोन्ही दृष्टान्त एकत्र वाचावेत.